टाकणखाराच्या पाण्यात वाढणारा थर

वाचकांचे प्रश्न : कंडेन्सर

(अंबडच्या एका छोट्या कारखान्यात मी २४ वर्षं ॲल्युमिनियमचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे भाग, केले. त्यातली बरीचशी वर्षं एजिंगच्या, म्हणजे तयार कंडेन्सरला सावकाश व्होल्टेज देण्याच्या, रॅकपुढे गेली. या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत.)

प्रश्न : ताई, मी नाशिकरोडला बारावीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा कंडेन्सर करायचा आहे. फॉइलवर ऑक्साइडचा थर चढवायचा म्हणून ती मिठाच्या पाण्यात ठेवली आणि लॅपटॉपचा चार्जर जोडला. बुडबुडे भरपूर आले, पाणी गढूळ झालं आणि अर्ध्या तासात फॉइलची चाळणी झाली. मीटरवर काहीच दाखवत नाही. मिठाऐवजी दुसरं काय घेऊ? आणि थर झाला की नाही हे ओळखायचं कसं? डोळ्यांना तर काहीच दिसत नाही.

उत्तर : तू पाठवलेला फोटो मी भिंगाखाली धरून पाहिला. भोकं सगळीकडे सारखी नाहीत, ठिपक्याठिपक्यांनी आहेत, आणि एका ठिपक्याभोवती बराच भाग शाबूत आहे. ही क्लोराइडची खूण आहे. आम्ही कारखान्यात ज्याला सगळ्यात जास्त घाबरायचो ते हेच.

ॲल्युमिनियमवर हवेतसुद्धा ऑक्साइडचा थर असतोच, दोन-चार नॅनोमीटरचा. योग्य पाण्यात बुडवून त्याला पॉझिटिव्ह जोडलं की धातूचे आयन बाहेर सरकतात, पाण्यातला ऑक्सिजन आत येतो आणि थर जाड होत जातो. तो जाड झाला की त्याच्यातून करंट जाईना होतो, आणि करंट थांबला की वाढही थांबते. म्हणजे जाडी व्होल्टेजच ठरवतं : एका व्होल्टला साधारण १.३ नॅनोमीटर. ३० व्होल्ट दिलेस तर ४० नॅनोमीटर, त्याच्या पुढे नाही. हा थर कुणी लावत नाही, फासत नाही. तो धातूतूनच उगवतो आणि पुरेसा झाला की आपला आपण थांबतो. इतकी वर्षं काम करूनही मला याचं अप्रूप वाटतं.

पाण्यात क्लोराइड असला की तो थरातली कच्ची जागा शोधून फोडतो. तिथे उघडा धातू लागला की सगळा करंट त्याच एका ठिपक्यातून धावतो आणि धातू विरघळत जातो. बाकीचा थर कितीही चांगला असो, उपयोग नाही. गंमत म्हणजे फॉइल तयार करणाऱ्या कारखान्यात थर चढवण्याआधी हेच मुद्दाम करतात. क्लोराइडच्या आम्लात फॉइल कोरून तिच्यात लाखो बारीक बोगदे पाडतात, म्हणजे तेवढ्याच फॉइलचं क्षेत्रफळ कितीतरी पट वाढतं. बाजारातला १०० मायक्रोफॅरडचा (हे वीज साठवण्याच्या क्षमतेचं माप) कंडेन्सर करंगळीच्या पेराएवढा असतो तो त्यामुळे. त्याला एचिंग म्हणतात. पण त्यानंतर ते फॉइल इतकं धुतात की क्लोराइडचा मागमूस राहू नये. तुझं ते एचिंगच झालं, फक्त नको त्या वेळी.

आता तुला काय हवं ते सांगते. सराफ बाजारात जा आणि टाकणखार माग. सोनार डाग देताना वापरतात तो. काष्ठौषधीच्या दुकानात गेलीस तर ‘लाही की कच्चा?’ असं विचारतील. कच्चा घे, पांढरे खडे असतात. शिवाय केमिस्टकडून बोरिक पावडर आण, कॅरमवर टाकतात ती. मात्र पाकिटावर बोरिक ॲसिड लिहिलंय ना ते बघून घे. पाणी नळाचं नको. गंगापूर धरणाचं आपलं पाणी पिण्याला उत्तम, पण त्यात थोडा क्लोराइड असतो आणि शुद्धीकरणात क्लोरीनही घालतात. गाडीच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आण. अर्धा लिटर पाण्यात चार चमचे बोरिक पावडर आणि अर्धा चमचा टाकणखार. कोमट करून ढवळलंस की विरघळेल. हे मिश्रण पोटात जाता कामा नये; भांडं वेगळं ठेव, त्यावर चिठ्ठी लाव आणि काम झालं की ते स्वयंपाकघरात परत नेऊ नकोस.

खायच्या सोड्यानेही थर चढतो, पण लीकेज, म्हणजे थरातून झिरपणारा करंट, जास्त राहतं. टाकणखार मिळत असताना सोड्याकडे जाऊ नकोस.

फॉइलची पट्टी ५ सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर लांब काप. आधी भांड्याच्या साबणाने धू, मग धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडव, बारीक बुडबुडे सुटले की काढ आणि डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धू. त्यानंतर तिला बोट लावू नकोस, चिमट्यानेच धर. हे का, ते खाली सांगते.

पट्टीचा खालचा ५ सेंटिमीटर भाग पाण्यात राहील. जिथे पाण्याची रेघ येणार तिथे वर-खाली अर्धा सेंटिमीटर नेलपॉलिश लाव आणि पूर्ण वाळू दे, कारण त्या रेघेवरच थर नेहमी कच्चा राहतो. क्लिप वरच्या कोरड्या टोकाला लाव. तिचा दात पाण्याला लागला तर करंट तिच्यातूनच जाईल, तुझी पट्टी तशीच राहील आणि तुला वाटेल की थर चढतच नाही. पहिल्यांदा करणाऱ्या दहापैकी निम्म्यांचं इथेच फसतं. दुसऱ्या बाजूला, निगेटिव्हला, फॉइलचाच मोठा तुकडा चालेल.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत ० ते ३० व्होल्टचा पॉवर सप्लाय असतो, तो माग. मध्ये २२० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर आणि एक मिलिॲमीटर घाल. घरच्या विजेला थेट काहीही जोडायचं नाही, अगदी बल्ब मध्ये घालूनसुद्धा नाही. व्होल्टेज सावकाश ३० पर्यंत ने आणि काट्याकडे बघत राहा. आधी तो शंभरच्या आसपास जाईल, मग एका-दोन मिनिटांत खाली येऊ लागेल. आधी भरभर, मग हळू, मग इतका हळू की हलतोय की नाही कळत नाही. थर दिसत नाही म्हणतेस ना, त्याचं दिसणं हेच. प्रकाशाची लाटच ४०० ते ७०० नॅनोमीटरची, त्यापुढे ४० नॅनोमीटर डोळ्याला कसे दिसणार? काटा खाली उतरतोय म्हणजे थर चढतोय. अर्धा तास तसंच राहू दे. स्वयंपाकाच्या फॉइलमध्ये लोखंड आणि सिलिकॉन मिसळलेलं असतं, त्या कणांवर थर नीट बसत नाही, म्हणून काटा अगदी शून्यावर येणार नाही. कारखान्यातलं फॉइल ९९.९ टक्क्यांहून शुद्ध असतं, ते याचसाठी.

मग पट्टी काढ, त्याच पाण्यात भिजवलेला फिल्टर पेपर तिच्या दोन्ही बाजूंनी गुंडाळ, वरून साध्या फॉइलचा घट्ट वेढा दे. थर दिलेली पट्टी पॉझिटिव्ह, बाहेरचं फॉइल निगेटिव्ह. एक गोष्ट परीक्षक हमखास विचारतील : कंडेन्सरची दुसरी प्लेट कोणती? बाहेरचं फॉइल, असं सगळे सांगतात. खरी दुसरी प्लेट ते ओलं पाणी आहे, थराला चिकटून बसलेलं. बाहेरचं फॉइल फक्त त्या पाण्यापर्यंत वीज पोचवतं.

हिशेबही मांडून दाखव. ५ बाय ५ सेंटिमीटर, दोन बाजू, म्हणजे ५० चौरस सेंटिमीटर. ऑक्साइडचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ९ धर, जाडी ४० नॅनोमीटर. उत्तर जवळजवळ १० मायक्रोफॅरड येतं. नेलपॉलिशने थोडं क्षेत्र खाल्लं म्हणून मीटरवर आठ-नऊ आलं तरी ते खरं आहे. तेवढ्याच आकाराच्या प्लेटा हवेत एक मिलिमीटरवर धरल्या असत्या तर मायक्रोफॅरडचा दहा हजारावा भागही मिळाला नसता. तक्त्यावर हे दोन आकडे शेजारी शेजारी लिही. आणि हा कंडेन्सर २० व्होल्टच्या वर वापरू नकोस, थर ३० ला वाढवला असला तरी.

आता बोट का लावायचं नाही ते. आमच्याकडे एकदा एका बॅचमधले कंडेन्सर आठ महिन्यांनी परत आले. सगळे ओपन, म्हणजे आतली जोडणी तुटलेली. पहिला कापला, वाइंडिंग उलगडलं, तर पॉझिटिव्ह टॅब (बाहेरच्या तारेपर्यंत वीज नेणारी पट्टी) फॉइलला जिथे जोडतात तिथे करड्या-पांढऱ्या भुकटीची बारीक रांग होती आणि टॅब तुटलेला. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच. नोंदवही काढली तर तो दिवस मे महिन्यातला, आणि फॉइल तुटल्यावर टोक जोडलं होतं मी. घाईत हातमोजा काढून. घामातलं मीठ, किती असेल? तेवढं पुरलं. त्यानंतर मी मशीनवर कधी उघडा हात नेला नाही आणि हाताखालच्या मुलींनाही नेऊ दिला नाही.

प्रश्न : माझे मामा अंबडला ॲनोडायझिंगचं काम करतात, खिडक्यांचे सेक्शन आणि मशीनचे भाग. त्यांच्याकडून फॉइल ॲनोडाइज करून घेतलं तर कंडेन्सरला चालेल का? त्यांचा थर १५ मायक्रॉनचा असतो, म्हणजे तुमच्यापेक्षा कितीतरी जाड. (आयटीआयचा विद्यार्थी, सातपूर)

उत्तर : नाही चालणार, पण तुझा प्रश्न मला फार आवडला, कारण दोन्हीला नाव ॲनोडायझिंगच आहे.

मामांच्या टाकीत गंधकाम्ल असतं. ते थर वाढवतं आणि त्याच वेळी थोडा थोडा विरघळवतही राहतं. त्यामुळे थर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा उभ्या छिद्रांचा होतो आणि वाढतच राहतो, करंट थांबत नाही. म्हणून तर तो १५ मायक्रॉनपर्यंत जातो आणि त्या छिद्रांत सोनेरी किंवा काळा रंग भरता येतो. शेवटी गरम पाण्यात ठेवून छिद्रांची तोंडं बंद करतात. बोरेटच्या, म्हणजे टाकणखार-बोरिकच्या, पाण्यात ऑक्साइड विरघळत नाही, म्हणून आमचा थर बिनछिद्राचा, घट्ट आणि पातळ. त्याला बॅरिअर थर म्हणतात.

आता मामांचं फॉइल, तोंडं बंद करण्याआधी, कंडेन्सरमध्ये घातलंस असं समज. इलेक्ट्रोलाइट, म्हणजे कागदातलं वीज वाहणारं पाणी, छिद्रांतून थेट तळापर्यंत जाईल. तळाशी काय असतं? तिथे बॅरिअर थर असतोच, पण दहा-पंधरा नॅनोमीटरचा. म्हणजे वरचे १५ मायक्रॉन नुसते उभे आहेत आणि सगळा भार त्या तळावर. थोडं व्होल्टेज वाढवलंस की लीकेज सुरू. मामांना सांग, त्यांचा थर खिडकीला ऊन-पावसापासून जपायला आहे आणि त्या कामात तो उत्तमच आहे. एक मात्र कर : त्यांच्याकडे एखादा रंग न दिलेला तुकडा असेल तर माग आणि त्याच्यावर शाईचा थेंब टाक. शाई आत शिरेल, पुसून जाणार नाही. बोरेटमध्ये केलेल्या पट्टीवर टाक, पुसली जाईल. दोन्ही थरांतला फरक बोटभर जागेत दिसतो.

प्रश्न : इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर कुणी शोधला? (गंगापूर रोड)

उत्तर : कारोल पोलाक या पोलिश तंत्रज्ञांनी. ते बॅटऱ्या बनवायचे. ॲल्युमिनियमवरचा थर उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी पाण्यात वीज बंद केल्यावरही टिकतो हे त्यांच्या लक्षात आलं आणि १८९६ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. त्यांचं पाणीही टाकणखाराचंच होतं. पुढे बरीच वर्षं हे कंडेन्सर म्हणजे द्रवाने भरलेले डबे असायचे. फॉइल, कागद आणि गुंडाळी हा आजचा घाट १९२५ च्या सुमारास अमेरिकेत सॅम्युएल रुबेन यांनी आणला.

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. घरच्या बोअरवर सिंगल फेजची दीड एचपीची सबमर्सिबल आहे. पॅनेलमधला काळा कंडेन्सर दर उन्हाळ्यात फुगतो आणि फुटतो. शेजारचा पांढरा आठ वर्षं झाली तरी टिकून आहे. दुकानदार म्हणतो माल हलका येतो. काळ्याच्या जागी पांढरा टाकला तर?

उत्तर : दादा, ते दोन वेगळे प्राणी आहेत. पांढरा रनिंगचा. त्यात प्लॅस्टिकची फिल्म असते आणि तो मोटर चालू असेपर्यंत सर्किटमध्ये राहायलाच केलेला असतो. काळा स्टार्टिंगचा, तो आमच्या जातीचा : ॲल्युमिनियम, ऑक्साइड आणि ओला कागद. ऑक्साइड एकाच दिशेने वीज अडवतो, आणि मोटरला तर एसी लागते. म्हणून त्यात दोन्ही फॉइलवर थर चढवलेला असतो, एक अर्धं चक्र हा सांभाळतो, दुसरं तो. पण ओल्या कागदातून एवढा करंट सतत जाऊ लागला की तो तापतो. म्हणून त्याला दोन-तीन सेकंदांचंच काम दिलेलं असतं. पांढरा त्याच्या जागी टाकू नका. तेवढ्या मायक्रोफॅरडचा पांढरा पॅनेलमध्ये मावणारही नाही.

माल हलका असेलही, पण दर उन्हाळ्यात फुटतो म्हणता तेव्हा मी आधी व्होल्टेज बघीन. उन्हाळ्यात सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू होतात, व्होल्टेज पडतं, मोटर वेग घेत नाही, आणि वेग घेईपर्यंत माणूस हिरवं बटण दाबून धरतो. बऱ्याच पॅनेलमध्ये बटण दाबलेलं असेपर्यंत काळा कंडेन्सर सर्किटमध्ये असतो. दहा सेकंद दाबून धरलं, मोटर उचलली नाही म्हणून पुन्हा दहा सेकंद, की आतलं पाणी उकळायला लागतं. वायू कोंडतो, डबी फुगते. तेव्हा तीन सेकंदांत मोटर उचलली नाही तर सोडा, पाच-दहा मिनिटं थांबा, मीटरवर व्होल्टेज बघा, मगच परत. घरातल्या पोरांनाही हे सांगून ठेवा, कारण बटण बहुतेक वेळा तीच दाबतात. पॅनेल उन्हात, पत्र्याच्या पेटीत असेल तर सावलीत आणा. आमच्या धंद्यात साधा ठोकताळा आहे : तापमान दहा अंशांनी उतरलं की कंडेन्सरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. बटण सोडल्यावरही मोटर चालू असताना काळा गरमच होत असेल, तर तो सुटतच नाहीये, वायरमनला स्विचचे कॉन्टॅक्ट बघायला सांगा. आणि हात घालण्याआधी मेन बंद करून दोन्ही कंडेन्सर डिस्चार्ज करायला लावा. वीज गेली तरी त्यांच्यात साठलेली असते.

प्रश्न : पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरी वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ सापडला. तीसेक वर्षं बंद आहे. त्याच्यातला ॲल्युमिनियमचा मोठा डबा, ३२ अधिक ३२ मायक्रोफॅरड, ३५० व्होल्ट, बाहेरून चांगला दिसतो. सरळ प्लग लावून बघू का?

उत्तर : अजिबात नको. कृपा करून नको. तीस वर्षं वीज नसताना आतल्या पाण्याने थर हळूहळू खाल्लेला असतो. ३५० व्होल्टचा थर आता कदाचित शंभरचाही राहिला नसेल. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर मोठा करंट जाईल, डबा तापेल, आणि तुमच्या वडिलांच्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मरही सोबत जाईल.

पण ज्या विजेने थर वाढतो त्याच विजेने तो पुन्हा भरूनही येतो. कारखान्यात आम्ही हेच करायचो. फॉइलचे रोल जपानहून थर चढवूनच यायचे, पण पट्ट्या कापल्या की कडेला उघडा धातू लागतो, टॅब टोचला की तिथे जखम होते. म्हणून कंडेन्सर बंद करून झाल्यावर त्याला गरम रॅकवर ठेवून सावकाश व्होल्टेज द्यायचं, की आतल्या आत त्या जखमा बुजतात. त्याला एजिंग म्हणतात. तुमच्या डब्याला त्याच कामाची गरज आहे, फक्त जास्त धीराने.

हे मात्र व्हॉल्व्हचं काम जाणणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या, ३०० व्होल्ट डीसी जिवावर बेतते. त्याला सांगा : डब्याच्या दोन्ही भागांची पॉझिटिव्ह वायर सोडवून घ्यायची आणि एका वेळी एकच भाग घ्यायचा. १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून २५ व्होल्ट द्यायचे आणि मीटर रेझिस्टरवर लावायचा. तिथे १० व्होल्ट दिसले तर लीकेज एक मिलिॲम्पिअर. आकडा उतरून स्थिर झाला की पुढचे २५. घाई न करता यात दिवस जाईल, दोनही जातील. ३५० ची मजल गाठल्यावर लीकेज अर्ध्या मिलिॲम्पिअरच्या आत आलं आणि मायक्रोफॅरड तीसच्या आसपास भरले तर डबा जिवंत आहे. डब्याच्या बुडाशी चिकट डाग असेल किंवा मायक्रोफॅरड निम्मे भरले तर आतलं पाणी सुकलंय, त्याला इलाज नाही. मग डबा जागेवरच राहू द्या, त्याच्या वायरी सोडवा आणि चेसिसच्या खाली नवे ३३ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे दोन कंडेन्सर बसवा. वरून रेडिओ वडिलांनी ठेवला होता तसाच दिसेल.